समुद्रकाकडीचें दुखणें : बीज कीं क्षेत्र?

काकडी हें नांव ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढें कोशिंबिरीची वाटी आली असेल, त्यांस आरंभींच सांगितलेलें बरें कीं, या महिन्यांत आम्ही जिच्याविषयीं लिहिणार आहों ती काकडी वेलीवर लागत नाहीं. समुद्रकाकडी हा प्राणी आहे. समुद्राच्या तळाशीं, खडकांच्या आडोशाला किंवा चिखलांत, तो स्वस्थ पडून असतो. आकार लांबट, अंगावर मऊ कांट्यांच्या ओळी, एका टोकास तोंड आणि त्या तोंडाभोंवतीं झुबक्यासारखीं स्पर्शकें. त्यास डोळे नाहींत, मेंदु नाहीं, आणि श्वासोच्छ्वास तो गुदद्वारानें पाणी आंत ओढून करितो. तारामासा आणि कांटेरी चेंडूसारखा दिसणारा सागरी अर्चिन हे त्याचे भाऊबंद. या सर्व गोतावळ्यास प्राणिशास्त्रांत 'कंटकचर्मी' असें नांव आहे.

विषय आपल्या पंक्तीचा नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु दुखणें कोणाचेंहि असलें तरी घरांत पहिला प्रश्न एकच निघतो: हें कशानें आलें? बाहेरून कोणी शत्रु शिरला, कीं आंतलाच कांहीं बंदोबस्त ढिला पडला? मुलास ताप आला कीं आजी म्हणते, 'पावसांत भिजला'. सून म्हणते, 'शाळेंतून साथ आणली'. आणि बहुधा दोघींच्याहि बोलण्यांत तथ्य असतें. या जुन्याच प्रश्नाचें एक बोधप्रद उत्तर गेल्या वीस वर्षांत चीनच्या उत्तर किनाऱ्यावरील तळ्यांतून मिळत आलें आहे, आणि तें देणारा हाच बिनमेंदूचा प्राणी आहे. म्हणून त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

चिनी भाषेंत समुद्रकाकडीस 'हायशेन' म्हणतात. 'हाय' म्हणजे समुद्र आणि 'शेन' म्हणजे जिनसेंग ही सुप्रसिद्ध पौष्टिक मुळी. आपल्याकडे अश्वगंधेस जो मान, तोच तिकडे जिनसेंगेस. तेव्हां समुद्रांतली अश्वगंधा म्हटलें तरी चालेल. अशक्तपणावर ती देतात, मेजवानीच्या ताटांत ती मानाची समजतात, आणि वाळविलेल्या उत्तम मालास मोठी किंमत येते. उत्तर चीन, कोरिया, जपान आणि रशियाचा पूर्व किनारा येथील थंड समुद्रांत जी जाति आढळते, तिचें शास्त्रीय नांव अपोस्टिकोपस जॅपोनिकस. मागणी वाढली तशी समुद्रांतील मूळ संपत्ति उपशानें घटूं लागली, आणि लोक तिची शेती करूं लागले.

या शेतीच्या जन्मकथेंतच पुढच्या संकटाची खूण आहे. शान्तुंग व ल्याओनिंग या प्रांतांच्या किनाऱ्यावर पूर्वीं कोळंबीचीं तळीं होतीं. १९९३ सालीं चीनमधील कोळंबीवर विषाणूची भयंकर साथ आली आणि पुष्कळ तळीं ओस पडलीं. पुढें त्यांपैकीं कित्येक तळ्यांत दगड टाकून आडोसे केले, भरतीचें पाणी घेतलें, आणि समुद्रकाकडीचीं पिलें सोडलीं. एका रोगानें रिकामें केलेलें घर दुसऱ्या पाहुण्यास मिळालें. धंदा असा फोफावला कीं, अलीकडे चीनमध्यें वर्षास दोन लाख टनांहून अधिक समुद्रकाकडी शेतींतून निघते.

या प्राण्याचा आहार पाहिला म्हणजे त्याचा जंतूंशीं संबंध किती निकटचा आहे हें ध्यानांत येतें. तो तळाचा गाळ खातो. गाळांतील कुजका पालापाचोळा, सूक्ष्म शैवाल आणि असंख्य जंतु हेंच त्याचें अन्न. उरलेली वाळू तो मागें टाकून देतो. ज्या चिखलास आपण नाक मुरडूं, तो याचा रोजचा वरणभात. त्याच्या कातडीवर जंतु, आंतड्यांत जंतु, भोंवतालच्या पाण्यांत जंतु. जंतूंवांचून त्याचा एक घासहि होत नाहीं. तेव्हां 'जंतु शिरला म्हणून रोग झाला' हें वाक्य या प्राण्यापुरतें तरी फारसें कांहीं सांगत नाहीं. जंतु शिरलेलेच आहेत.

त्याच्या आणखी दोन तऱ्हा सांगावयास हव्यात. उन्हाळ्यांत पाण्याची उष्णता २० ते २५ अंशांच्या घरांत गेली कीं मोठ्या समुद्रकाकड्या खाणें सोडतात आणि खडकांच्या फटींत निजून राहतात. या ग्रीष्मनिद्रेंत त्यांचें आंतडें आकसून दोऱ्यासारखें बारीक होतें, आणि पाणी निवल्यावर पुन्हां वाढतें. दुसरी तऱ्हा याहून नवलाची. पाणी बिघडलें किंवा अंगास जबर धक्का बसला कीं हा प्राणी आपलीं आंतडीं बाहेर टाकून देतो, आणि कांहीं आठवड्यांत नवीं उगवितो! आंतडीं टाकून देऊनहि जो जगतो, त्यास मारावें तरी कशानें, असें कोणासहि वाटेल. पण त्यास मारणारा रोग आला.

या शतकाच्या आरंभीं, विशेषतः २००३ नंतर, त्या किनाऱ्यावरील तळ्यांत आणि पिलें वाढविण्याच्या टाक्यांत एक विचित्र दुखणें पसरूं लागलें. आधीं प्राणी खाईनासा होतो. तोंड सुजतें, डोकें हलत राहतें, कित्येक आंतडीं टाकतात. मग अंगावर पांढरे ठिपके उमटतात, ठिपक्यांचे व्रण होतात, व्रण एकमेकांस मिळतात, आणि अखेरीस सबंध शरीर विरघळून चिकट लाळेसारखें होऊन जातें. शास्त्रज्ञ यास त्वचाव्रणाचा रोग म्हणतात. तेथील शेतकऱ्यांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ 'कातडी विरघळण्याचें दुखणें' असा आहे, आणि तें नांव अधिक चपखल आहे. गाय मेली तर निदान तिचें कलेवर दिसतें. येथें शेतकऱ्याच्या हातीं तेंहि लागत नाहीं. समुद्रकाकडी पिलापासून बाजारांत जाण्यास सामान्यतः दोन-तीन वर्षें घेते. म्हणजे दोन वर्षें पैसा पाण्यांत घालून बसलेल्या माणसाचें सारें भांडवल थोड्या दिवसांत अक्षरशः पाण्यांत विरघळतें.

साहजिकच जंतूचा शोध सुरू झाला. शोधाची रीत जर्मन पंडित रॉबर्ट कॉख यानें घालून दिलेली होती. रोग्याच्या शरीरांतून जंतु काढावा, तो निर्भेळ वाढवावा, निरोगी प्राण्यास द्यावा, तोच रोग उद्भवतो कीं नाहीं हें पहावें, आणि त्या नव्या रोग्यांतून तोच जंतु पुन्हां काढून दाखवावा. याच कॉखनें १८८४ सालीं आपल्या कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांतून स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु निर्भेळ वाढवून दाखविला, आणि तेथील तळ्याच्या पाण्यांतहि तो शोधून काढला. पटकीच्या त्या जंतूचें कुल 'व्हिब्रिओ' होय. समुद्रकाकडीच्या व्रणांतून जे जंतु निघाले, त्यांत पुढें उभा होता तो याच कुलांतला एक भाऊ: व्हिब्रिओ स्प्लेंडिडस. हा समुद्राच्या पाण्यांत राहणारा. त्याच्याजवळ प्रथिनें विरघळविणारीं द्रव्यें असतात, आणि समुद्रकाकडीच्या कातडीचा जाड थर तर बहुतांशीं प्रथिनांच्या तंतूंचाच विणलेला.

येथवर कथा सरळ आहे. चोर सांपडला, नांव कळलें, आतां शिक्षा करावी. पण चौकशी पुढें चालली तसे दोन पेंच पडले. पहिला असा कीं, चोर एक नव्हता. कोठें व्हिब्रिओ स्प्लेंडिडस, कोठें व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस, कोठें व्हिब्रिओ हार्व्हेयी, कोठें स्यूडोअल्टेरोमोनास नांवाच्या निराळ्याच कुलांतले जंतु. त्यांपैकीं अनेकांस कॉखची कसोटी लावली असतां ते तींत उतरले. प्रत्येकानें निरोगी प्राण्यांत व्रण उत्पन्न करून दाखविले. दुसरा पेंच याहून बिकट. हेच किंवा यांचे सख्खे भाऊ निरोगी समुद्रकाकडीच्या अंगावर, आंतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यांत वर्षानुवर्षें नांदत असतात आणि कोणाचें कांहीं बिघडवीत नाहींत. मग एखाद्या फाल्गुनांत त्यांस एकाएकीं काय होतें?

हा वाद वैद्यकास नवा नाहीं. कॉखचें म्हणणें पटकीचें मूळ जंतूंत आहे असें होतें; म्यूनिकचे वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांस तें एवढ्यानें पुरत नसे. नुसत्या बीजानें रोप उगवत नाहीं, भूमि, ऋतु आणि माणसाची प्रकृति हींहि तशीं लागतात, असा त्यांचा आग्रह. तो सिद्ध करण्यासाठीं ७ ऑक्टोबर १८९२ रोजीं या गृहस्थांनीं पटकीचे जिवंत जंतु असलेलें पाणी स्वतः पिऊन टाकलें. थोडे दिवस पोट बिघडलें. त्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. तथापि त्याच वर्षीं हांबुर्ग शहरांत, जेथें नदीचें पाणी न गाळतां पीत असत, आठ हजारांहून अधिक माणसें पटकीनें मेलीं. आणि शेजारीं चिकटून असलेलें आल्टोना गांव, जेथें पाणी वाळूंतून गाळून घेत, पुष्कळ अंशीं बचावलें. बीज खरें होतें यांत संशय उरला नाहीं. परंतु तेंच बीज पोटांत जाऊन म्हातारबुवा वांचले कसे, हा पेटेनकोफरांचा प्रश्नहि खोटा नव्हता. तो कांहीं काळ बाजूस पडला एवढेंच. समुद्रकाकडीनें तो पुन्हां पुढें आणला आहे.

उत्तराचा पहिला भाग प्राण्याच्या स्वतःच्या शरीरांत आहे. १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें मेच्निकॉफ नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलास एक कांटा टोंचला, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतों तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परक्या वस्तूस घेरून गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हें त्यानें ओळखलें. १९०८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. समुद्रकाकडी ही तारामाशाचीच बहीण, आणि तिच्या शरीरद्रवांतहि असेच शिपाई फिरत असतात. पण आपल्या रक्तांत गोवर-देवीसारख्या रोगाची आठवण ठेवणारीं जीं प्रतिद्रव्यें तयार होतात, तीं तिच्या अंगीं नाहींत. म्हणून मुलांस टोंचतों तशी लस टोंचून तिचें रक्षण करतां येत नाहीं. शिपाई आहेत, पण गुन्हेगारांची नोंदवही नाहीं. असे शिपाई थंडीनें, उपाशीपणानें किंवा हवेवांचून गळाठले कीं दार उघडें पडतें.

उत्तराचा दुसरा भाग नव्या संशोधनाचा आहे आणि तोच आम्हांस विशेष मननीय वाटतो. पूर्वीं जंतु एकेकटा काढून पहात. आतां विष्ठेंतील वा कातडीवरील सर्व जंतूंची आनुवंशिक द्रव्यें एकदम वाचून कोण कोण कितीसे आहेत याची खानेसुमारी करतां येते. अशी खानेसुमारी केल्यावर निरोगी आणि रोगी समुद्रकाकड्यांत फरक पडतो तो एखाद्या जंतूच्या असण्यानसण्याचा नव्हे, तर सबंध वस्तीच्या घडणीचा, असें वारंवार आढळून आलें आहे. ज्यांनीं चाळीस वर्षें वर्ग सांभाळले त्यांस हें पटवावें लागत नाहीं. प्रत्येक वर्गांत दोन-तीन व्रात्य मुलें असतातच. वर्ग कामांत गुंतलेला असला कीं तीं मागल्या बांकावर निमूट बसतात. शिक्षक कचेरींत गेले आणि चांगलीं मुलें गैरहजर असलीं कीं तींच वर्गाचीं पुढारी होतात. मुलें तींच, वर्ग तोच. बदललें तें वर्गाचें वातावरण.

जपानांतील होक्काइदो विद्यापीठाच्या हाकोदाते येथील संशोधकांनीं २०१६ सालीं एक मौजेची गोष्ट प्रसिद्ध केली. एकत्र वाढविलेल्या समुद्रकाकड्यांत कांहीं भराभर वाढतात, तर कांहीं खुरटलेल्या राहतात. त्यांच्या विष्ठेंतील जंतु ताडून पाहतां, मोठ्या झालेल्यांच्या पोटांत विशिष्ट गटाचे जंतु अधिक आढळले. हे जंतु आपल्या शरीरांत चरबीसारख्या एका द्रव्याचे कण सांठवून ठेवतात. या द्रव्याचें लांबलचक नांव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवावी तसा हा प्रकार. दुसऱ्या जलचरांवरील प्रयोगांत हेंच द्रव्य व्हिब्रिओंस आवर घालतें असें दिसलें आहे. म्हणजे पोटांतले सारे जंतु भाडेकरू नव्हेत. कांहीं घरचे कमावते लोकहि आहेत.

उत्तराचा तिसरा भाग तर कादंबरींत शोभावा असा आहे. जंतु आपली संख्या मोजतात! १९७० सालीं अमेरिकेंत नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनीं याच व्हिब्रिओ गोतांतील एका प्रकाशमान सागरी जंतूवर काम करतांना पाहिलें कीं, तो विरळ असतां अंधारांत असतो, आणि दाट झाला कीं सारे एकदम उजळतात. प्रत्येक जंतु पाण्यांत एक सूक्ष्म द्रव्य सोडतो. गर्दी वाढली कीं तें द्रव्य दाट होतें, आणि त्यावरून 'आपण पुरेसे जमलों' हें सर्वांस कळतें. १९९४ सालीं या व्यवहारास जें इंग्रजी नांव मिळालें तें सभेच्या परिभाषेंतून घेतलेलें आहे. त्याचा अर्थ गणपूर्तीची जाणीव. पंचायतीच्या सभेंत गणपूर्ति झाल्याशिवाय ठराव होत नाहीं, तसें कित्येक रोगजंतु पुरेशी संख्या जमल्याशिवाय आपलीं विषारी द्रव्यें सोडीत नाहींत. थोडे असतां हल्ला केला तर शिपाई गिळून टाकतील, हें जणूं ते जाणतात. तेव्हां शत्रु आंत असणें ही एक गोष्ट आणि त्याची गणपूर्ति होणें ही दुसरी. आणि भोंवतीं इतर जंतूंची वस्ती दाट व नांदती असली तर गणपूर्ति सहसा होत नाहीं.

मग ती होते केव्हां? येथें तळ्याकडे वळलें पाहिजे. त्वचाव्रणाचा जोर असतो तो हिंवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या तोंडीं. तळ्यावरचें बर्फ वितळतें. त्याचें गोडें, हलकें पाणी वर तरंगतें आणि खारें, जड पाणी खालीं कोंडतें. तळाशीं प्राणवायु कमी पडतो. वर्षभराचा गाळ व उष्टें तेथें कुजत असतें. आणि थंडीनें मंदावलेला प्राणी नुकताच हालचाल करूं लागलेला असतो. आपल्या आयुर्वेदांत ऋतुसंधीस जपावें असें सांगितलें आहे. आमच्या पूर्वजांस व्हिब्रिओ ठाऊक होता असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. तो त्यांस ठाऊक नव्हता. पण एक ऋतु सरून दुसरा लागतांना शरीराची घडी विस्कटते हें त्यांनीं डोळसपणें पाहिलें होतें, आणि पोहाईच्या किनाऱ्यावरचा शेतकरीहि तेंच पाहतो.

दुसऱ्या टोकाचें उदाहरण २०१८ च्या उन्हाळ्याचें. त्या वर्षीं जुलै-ऑगस्टांत ल्याओनिंग प्रांतांत उष्णतेची लाट आली आणि तळ्यांचें पाणी ३० अंशांवर गेलें. समुद्रकाकड्या धडाधड मेल्या. प्रांताच्या अधिकाऱ्यांनीं केलेल्या हिशेबांत सुमारे ६८ हजार टन माल आणि सुमारे ६९० कोटी युआन बुडाले. येथें कोणत्या जंतूस आरोपी म्हणून उभें करावें? आधीं उष्णतेनें व प्राणवायूच्या तुटीनें प्राणी खचले. मेलेल्यांस कुजविणारे जंतु मागाहून आले. क्षेत्र इतकें बिघडलें कीं बीजाची वाटहि पहावी लागली नाहीं.

आतां उपायांकडे येऊं. कारण खरा अनर्थ पुष्कळदां उपायांतच असतो. घाबरलेला शेतकरी प्रथम काय करतो? औषधांच्या दुकानांत जातो आणि तळ्यांत जंतुनाशक ओततो. प्रतिजैविक औषधानें मरणारे जंतु मरतात; पण त्यांत भले-बुरे दोन्ही असतात, आणि जे मरत नाहींत तेच मागें उरून रिकाम्या जागेवर वाढतात. शिवाय औषधास न जुमानण्याची विद्या एक जंतु दुसऱ्यास देऊं शकतो. तळ्यांत शिकलेली ही विद्या समुद्रावाटे, मालावाटे, माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोंचूं शकते. हें संकट मग त्या शेतकऱ्याचें एकट्याचें रहात नाहीं. आपल्या घरांतील तान्ह्या मुलाच्या न्यूमोनियावर चालणारें औषध उद्यां चालेल कीं नाहीं, याच्याशीं त्याचा संबंध येतो. २०२० च्या जुलैंत चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीनें आपल्या वार्षिक ग्राहक-कार्यक्रमांत छिंगताओजवळच्या जिमो भागांतील कांहीं तळीं दाखविलीं. तळें साफ करण्यासाठीं तेथें डायक्लोरव्हॉस हें कीटकनाशक ओतलें जात होतें. सगळें मारून टाकलें म्हणजे तळें शुद्ध झालें, ही समजूत त्यामागें होती. शुद्ध झालें नाहीं. फक्त ओसाड झालें.

ओसाड जागेचा धर्म आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. तापवून निवविलेलें दूध तसेंच उघडें ठेवलें तर तें नासतें. त्यांत चांगलें विरजण घातलें तर त्याचें दहीं होतें. दोन्ही करणी जंतूंचीच. विरजणाचे जंतु आधीं जागा व्यापतात, दुधास आंबट करितात, आणि नासविणाऱ्यांस पाय ठेवूं देत नाहींत. चिनी संशोधक आज समुद्रकाकडीस असेंच विरजण लावून पहात आहेत. बॅसिलस सब्टिलिस यासारखे निरुपद्रवी जंतु खाद्यांत मिसळून दिले असतां पिलें अधिक वाढलीं, त्यांचे शिपाई अधिक चपळ झाले, आणि मुद्दाम व्हिब्रिओ स्प्लेंडिडस दिला असतां त्यांपैकीं अधिक वांचलीं, असे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. टाकींत साधतें तें उघड्या तळ्यांत तितकेंच साधेल असें मात्र नव्हे. भरतीचें पाणी रोज नवे पाहुणे आणतें आणि जुन्यांस घेऊन जातें.

दुसरा उपाय जंतूंच्या शत्रूचा. जंतूंसहि रोग होतात. त्यांस खाणारे अतिसूक्ष्म विषाणु असतात. १८९६ सालीं आग्र्यास काम करणारे हॅन्किन यांनीं लिहिलें होतें कीं, गंगा-यमुनांच्या पाण्यांत पटकीचे जंतु मरतात, आणि तेंच पाणी उकळलें कीं हा गुण जातो. या गुणाच्या मुळाशीं असेच विषाणु असावेत, असा तर्क पुढें अनेकांनीं केला. १९१७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील द'हेरेल यांनीं त्यांस 'जंतुभक्षक' या अर्थाचें नांव दिलें. २०१६ सालीं चिनी संशोधकांनीं व्हिब्रिओ स्प्लेंडिडसचे भक्षक समुद्रकाकडीच्या पिलांस देऊन पाहिले, आणि रोग दिल्यावरहि अधिक पिलें वांचलीं. याचा लाभ असा कीं, भक्षक आपलें ठराविक सावजच खातो. बाकीच्या वस्तीस हात लावीत नाहीं. अडचणहि तीच: चोर दरवेळीं निराळा असला, तर प्रत्येकासाठीं निराळा पहारेकरी हवा.

या सर्वांहून जुना उपाय मात्र कोणत्याहि बाटलींत मिळत नाहीं. पिलें दाट सोडूं नयेत; गाळ वेळेवर उपसावा; बर्फ वितळतांना वरचें गोडें पाणी काढून खालचें हलवावें; उन्हाळ्यांत तळें खोल ठेवावें, सावली करावी; खाद्य मोजून टाकावें म्हणजे तें तळाशीं कुजणार नाहीं. यांत चमत्कार नाहीं, आणि खर्चापेक्षां कष्ट अधिक. म्हणूनच तो मागें पडतो.

आपल्या देशांत समुद्रकाकडीची शेती म्हणावी अशी नाहीं. मन्नारच्या आखातांत, लक्षद्वीपांत व अंदमानांत तिच्या अनेक जाति आहेत. अतोनात उपशामुळें २००१ सालापासून वन्यजीवसंरक्षण कायद्यानें तिला पकडण्यास मनाई आहे. तुतिकोरीन येथें केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें १९८८ सालींच होलोथुरिया स्कॅब्रा या जातीचीं पिलें अंड्यांपासून वाढविण्यांत यश मिळविलें होतें. म्हणजे विद्या आपल्याजवळ आहे. उद्यां कोणी तिची शेती करूं म्हणेल, तर चीनच्या तळ्यांत एवढ्या किंमतीनें मिळालेला धडा आधीं वाचून मग पाणी घ्यावें, एवढीच आमची सूचना.

असो. कॉख खोटे ठरले असें कोणी यावरून समजूं नये. बीज नसतें तर रोप उगवलें नसतें, आणि पाणी उकळून पिणें, हात धुणें, वेळेवर लस टोंचून घेणें यांची थोरवी रतिभरहि कमी होत नाहीं. माणसाचें शरीर म्हणजे समुद्रकाकडीचें तळें नव्हे. परंतु घरांत कोणी शिंकलें कीं आपण होऊन प्रतिजैविकाची गोळी आणणारे, आणि दोन दिवसांत बरें वाटलें कीं डॉक्टरांनीं दिलेलें औषध अर्ध्यावर टाकणारे, हे दोघेहि आपापल्या तळ्यांत डायक्लोरव्हॉस ओतणाऱ्याच्याच वाटेनें जात असतात. तो शेतकरी विचारतो, 'कोणतें औषध घालूं?' त्याच्या गांवचा जाणता माणूस त्यास आधीं निराळेंच विचारतो: 'गाळ शेवटचा कधीं काढला होतास?' हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधीं विचारण्याची संवय लागली, तर तळ्यांचें आणि घरांचें पुष्कळसें दुखणें दाराबाहेरच राहील.